पंधरा दिवसांचा दाखला: कामाचा वेळ किती, पडून राहण्याचा किती?

उत्पन्नाच्या दाखल्याला महसूल विभागाने ठरवून दिलेली मुदत १५ दिवसांची आहे. त्या दाखल्यावर प्रत्यक्ष काम किती वेळाचं असतं, हे एकदा मांडून पाहू. लिपिक जोडलेली कागदपत्रं उघडतो, नाव, पत्ता आणि उत्पन्न पडताळतो, शेरा मारतो, अर्ज पुढे पाठवतो. पुढचा माणूस तेच नजरेखालून घालतो. शेवटी अधिकाऱ्याची डिजिटल सही होते. सढळ हाताने मोजलं तरी हे सगळं मिळून तासाभराच्या आत आटपतं. उरलेले दिवस तो अर्ज कुठल्या ना कुठल्या टेबलावर, हल्ली कुठल्या ना कुठल्या लॉगिनमध्ये, आपली पाळी येण्याची वाट पाहत पडून असतो.

राज्य सरकारचा कारभार गतिमान कसा करायचा, यावर बोलताना आपण बहुतेक वेळा माणसांवर घसरतो. कर्मचारी आळशी आहेत, कडक साहेब हवा, दोन-चार निलंबनं झाली की बाकीचे सरळ होतील. कामचुकार माणसं असतात, हे खरंच. पण कामाच्या त्या तासाचा अर्धा तास केला तरी नागरिकाला त्याचा पत्ताही लागणार नाही. त्याला फरक पडतो तो दोन टेबलांच्या मधला वेळ कमी झाला तरच. सरकारी कार्यक्षमतेचा प्रश्न मुळात पडून राहण्याचा आहे. पडून राहण्याची कारणं वेगळी असतात आणि त्यावरचे उपायही वेगळे.

एका अर्जाचा प्रवास

ऐरोलीत राहणारी, बारावी झालेली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. वडील रबाळे एमआयडीसीत कंत्राटी कामगार. शुल्क सवलतीसाठी तिला उत्पन्नाचा दाखला हवा आहे. ऐरोली नवी मुंबई महापालिकेत येते, पण महसुलाच्या हिशेबात ती ठाणे तालुक्यात आहे. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतची सगळी नवी मुंबई ठाणे तालुक्यातच मोडते. खारघर-पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात. त्यामुळे मुलीचा अर्ज जाणार ठाण्याच्या तहसीलदारांकडे.

वडील आयकर विवरणपत्र भरत नाहीत. म्हणजे आधी तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल लागणार. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, लोकांच्या तोंडी अजून तलाठीच. तलाठ्याकडे एका सजाचं, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या गावांच्या गटाचं नव्हे, कधी दोन सजांचं काम असतं. पंचनामे, निवडणुकीची कामं, वरून आलेली माहिती भरणं हे त्यावर वेगळंच. तो कार्यालयात कधी भेटेल, याची आधी चौकशी करावी लागते. ही झाली पहिली रांग, आणि गंमत नव्हे तर दुःख असं की १५ दिवसांच्या मुदतीत ती धरलीच जात नाही. घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही.

मग महा ई-सेवा केंद्रात अर्ज भरला जातो. रेशनकार्ड, आधार, स्वयंघोषणापत्र, तलाठी अहवाल असं सगळं स्कॅन होऊन जोडलं जातं. ‘आपले सरकार’ पोर्टलवरून अर्ज क्रमांकाची पावती मिळते. अर्ज लिपिकाच्या लॉगिनला पडतो. चार-सहा दिवसांनी लिपिक तो उघडतो. रेशनकार्डावर वडिलांचं नाव ‘पांडुरंग’, आधारवर ‘पांडूरंग’. किंवा स्कॅन इतकं पुसट की पत्ताच वाचता येत नाही. लिपिक त्रुटी काढतो आणि अर्ज परत पाठवतो. मोबाइलवर संदेश येतो. तो पाहिला गेला तर ठीक, नाहीतर तिकडे आणखी काही दिवस जातात. पुन्हा केंद्रात जायचं, पुन्हा कागद जोडायचे, पुन्हा रांगेच्या शेपटाला लागायचं.

या सबंध प्रवासात कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी उर्मटपणा केला नाही, कुणी मुद्दाम अडवलं नाही. सगळे आपापलं काम करत होते. तरी मुलीची प्रवेशाची तारीख जवळ येऊन ठेपली. भ्रष्टाचाराविरुद्ध लढावंच लागेल, पण तो नसतानाही काम इतकं रखडू शकतं, हे आपल्याला फार कमी वेळा सांगितलं जातं. उलट असंही होतं की, रांग जितकी लांब तितकी ती टाळून देणाऱ्या दलालाची किंमत वाढते. रांग आखूड झाली की त्याचा धंदा आपोआप बसतो.

एक तालुका, तीन महापालिका

आता या टेबलांवर येणारा भार पाहू. ठाणे तालुक्यात ठाणे, नवी मुंबई आणि मिरा-भाईंदर अशा तीन महापालिका येतात. २०११च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १८ लाख ४१ हजार, नवी मुंबईची ११ लाख २० हजार आणि मिरा-भाईंदरची ८ लाख ९ हजार होती. बेरीज ३७ लाखांच्या वर. त्याच जनगणनेत अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आत होती आणि त्या जिल्ह्यात तालुके आठ. दोन्ही जिल्हे एकाच कोकण विभागातले, दोघांचेही विभागीय आयुक्त बेलापूरच्या कोकण भवनात बसतात.

तालुक्याच्या सीमा आखल्या गेल्या शेती, गावं आणि शेतसारा डोळ्यांसमोर ठेवून. ठाणे, वाशी, नेरुळ, भाईंदर इथली शेती गेली, इमारती आल्या, माणसं आली. महसूल खात्याच्या कामाचं स्वरूपही सातबाऱ्याकडून दाखल्यांकडे सरकलं. रचनेने मात्र त्या वेगाने कूस बदलली नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला तेव्हा जिल्ह्याचा भार हलका झाला. त्याआधीचा अखंड ठाणे जिल्हा २०११च्या जनगणनेत १ कोटी १० लाखांच्या लोकसंख्येसह देशात पहिल्या क्रमांकावर होता. पण ठाणे तालुक्याची गर्दी त्या विभाजनाने कमी होणार नव्हती, कारण ती सगळी उरलेल्या ठाणे जिल्ह्यातच होती.

भार वाढला की वेळ त्याच प्रमाणात वाढत नाही, त्याहून कितीतरी जास्त वाढतो, हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. या रांगांचं गणित आधी मांडलं ते ए. के. एरलांग या डॅनिश अभियंत्याने. कोपनहेगनच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये किती लाइन ठेवाव्यात, या प्रश्नातून १९०९ साली त्याचा पहिला लेख आला. त्या गणिताच्या सगळ्यात साध्या नमुन्यात एक टेबल धरा. दिवसाला जितकं काम त्या टेबलाला झेपतं, त्याच्या ८० टक्के काम येत असेल तर टेबलापाशी सरासरी ४ अर्ज असतात. ९० टक्के काम आलं तर ९. ९५ टक्क्यांवर १९. आणि ९९ टक्क्यांवर थेट ९९. ८० वरून ९५ म्हणजे काम पाचव्या भागापेक्षाही कमी वाढलं, पण रांग जवळजवळ पाचपट झाली.

घोडबंदर रोडवर रोज प्रवास करणाऱ्याला हे गणित न शिकताही कळतं. दुपारी दोन वाजता गायमुखला एखादा ट्रक बंद पडला तर पाच मिनिटं जातात. सकाळी साडेआठला तोच ट्रक बंद पडला की पार माजिवड्यापर्यंत चाकं थांबतात. रस्ता तोच, ट्रक तोच, फक्त रस्त्यात मोकळी जागा उरलेली नसते.

म्हणून एखाद्या कार्यालयात दोन लिपिकांच्या जागा रिक्त असणं ही बाब वाटते तेवढी छोटी नसते. समजा, उरलेल्या टेबलांवरचा भार त्यामुळे ८५ टक्क्यांवरून ९८ वर जातो आणि आठवड्याचं काम महिन्यावर जातं. ‘प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हाताला सतत काम हवं, एक मिनिटही रिकामं जाता कामा नये’ हे ऐकायला कार्यक्षम वाटतं. पण नागरिकांची ये-जा असलेल्या टेबलावर थोडी मोकळीक ठेवावीच लागते. ती मोकळीक म्हणजे उधळपट्टी नव्हे, जनतेच्या वेळेची ती किंमत आहे. मला तर वाटतं, खर्चात काटकसर म्हणून जागा न भरणं हा राज्याने नागरिकांवर लावलेला कर आहे. फक्त तो रुपयांत न घेता बुडालेल्या रोजंदारीत घेतला जातो.

दुसरा नियम आणखी सोपा आहे. जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने तो १९६१ साली सिद्ध केला. कार्यालयात पडून असलेले एकूण अर्ज म्हणजे रोज येणारे अर्ज गुणिले एका अर्जाला लागणारे दिवस. रोज २०० अर्ज येत असतील आणि प्रत्येकाला १५ दिवस लागत असतील, तर त्या कार्यालयात कोणत्याही दिवशी ३,००० अर्ज पडून असणारच. ते ५ दिवसांत व्हायला हवे असतील तर साठा १,००० वर आणला पाहिजे. त्यासाठी एकदाच जास्तीचे २,००० अर्ज निकाली काढावे लागतील. एकदा ते झालं की पुढे रोज २०० आले, २०० गेले एवढंच सांभाळायचं. म्हणजे १५ दिवसांच्या कार्यालयाला आणि ५ दिवसांच्या कार्यालयाला रोज काम सारखंच करावं लागतं. फरक फक्त साचलेल्या ढिगाचा असतो.

मात्र शनिवार-रविवार बसून ढीग संपवला आणि सोमवारपासून २०० येऊन १९० च जाऊ लागले, तर काही महिन्यांत ढीग पुन्हा जागच्या जागी. विशेष मोहिमांचं असं का होतं, त्याचं उत्तर या दहाच्या फरकात आहे.

कायदे आपल्याकडे आहेत

महाराष्ट्राकडे या बाबतीत दोन भक्कम कायदे आहेत. पहिला २००५चा. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातील विलंब या दोन्हींबद्दलचा हा कायदा ‘दफ्तर दिरंगाई कायदा’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या कलम १० नुसार कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे कामकाजाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. तातडीची फाइल ४ दिवसांत, अति तातडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. दुसऱ्या विभागाला विचारण्याची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, गरज असेल तर ३ महिन्यांत.

यातलं गणित बघा. एका टेबलाला ७ दिवस. फाइल लिपिकाकडून अव्वल कारकुनाकडे, तिथून नायब तहसीलदार, मग तहसीलदार, मग प्रांत (उपविभागीय अधिकारी) अशी पाच टेबलं फिरली तर प्रत्येकाने कायदा तंतोतंत पाळूनही ३५ दिवस जातात. वर जाताना पाच आणि खाली येताना पाच धरली तर ७०. एकूण ४५ दिवसांची मुदत उलटली तरी कुणा एकाला दोष देता येत नाही, कारण टेबलाच्या ७ दिवसांचा नियम कुणीच मोडलेला नाही. त्यामुळे टेबलाचे दिवस मोजण्याइतकंच टेबलं किती आहेत हे मोजणं महत्त्वाचं. ज्या निर्णयात मत द्यायला काही वावच नाही, नियम स्पष्ट आहे, कागद पूर्ण आहेत, तो निर्णय तीन जणांनी ‘मान्यतेस्तव सादर’ लिहून पुढे का पाठवायचा? अधिकार खाली दिले की वेळ वाचतो, हे सगळ्यांना पटतं. ते देताना मात्र हात आखडतो, कारण उद्या काही चुकलं तर सही कुणाची, हा प्रश्न असतो. सही वाटून घेतली की जबाबदारीही वाटली जाते, अशी भावना त्यामागे आहे.

अधिकार सोडून देण्याचं धाडस शासनाने काही ठिकाणी केलेलंही आहे. २०१५ साली दाखल्यांसाठीची प्रतिज्ञापत्रं आणि साक्षांकनाची सक्ती काढून स्वयंघोषणापत्र स्वीकारायचं ठरलं. त्याआधी प्रत्येक झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का मिळवण्यासाठी पोरं वणवण करत. ते टेबल एका निर्णयाने नाहीसं झालं. टेबल वेगवान करण्यापेक्षा ते काढून टाकणं किती परिणामकारक असतं, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सुचत नाही.

दुसरा कायदा म्हणजे २०१५चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा यात नागरिकाचा हक्क आहे. अर्जाची पोच आणि क्रमांक मिळालाच पाहिजे, अर्ज नाकारला तर कारण लेखी दिलं पाहिजे. मुदत उलटली किंवा नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि तिसरं थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नाही तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला, ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कार्यालयाच्या दर्शनी भागात सेवा, मुदत, अधिकारी आणि अपील कुणाकडे याचा फलक लावणं बंधनकारक आहे. तो फलक वाचा. पावतीवरचा क्रमांक जपून ठेवा, अपील त्याच्याच जोरावर होतं.

या कायद्यातली एक फट मात्र लक्षात घ्यायला हवी. मुदत मोजली जाते ती सर्व बाबतीत परिपूर्ण अर्ज आल्यापासून. हे वाजवीही आहे, अर्धवट कागदांवर दाखला कसा द्यायचा? पण चौदाव्या दिवशी त्रुटी काढून अर्ज परत पाठवला की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. आकडेवारीत सगळं मुदतीत दिसतं आणि ऐरोलीच्या मुलीला मात्र महिना लागतो. म्हणून मोजायचं असेल तर पहिल्यांदा अर्ज केल्यापासून दाखला हातात पडेपर्यंतचे दिवस मोजले पाहिजेत, परत गेलेले अर्ज धरून. त्याच्या जोडीला दुसरा आकडा हवा: शंभरातले किती अर्ज पहिल्या फेरीत मंजूर झाले? हा आकडा कार्यालयाच्या फलकावर लागला तर सुधारणा कुठे करायची ते आपोआप कळेल. पुसट स्कॅनमुळे तीस अर्ज परत जात असतील, तर काम लिपिकाकडे नाही, सेवा केंद्रातल्या स्कॅनरकडे आहे. त्रुटी काढायचीच असेल तर ती पहिल्या दोन दिवसांत आणि एकदाच, सगळ्या मिळून काढली पाहिजे. आज एक, आठवड्याने दुसरी, असं चालता कामा नये.

सहा गठ्ठे आणि संगणक

हे शिकायला आपल्याला परदेशात जाण्याची गरज नाही. १९८०च्या दशकात अनिलकुमार लखिना हे तेव्हाच्या अहमदनगरचे, आताच्या अहिल्यानगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची बसण्याची मांडणी, अभिलेख कक्ष, कामाची वाटणी असं सगळं मुळापासून बदललं. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ते राज्यभर ओळखलं गेलं. त्यातून रुजलेली सहा गठ्ठा पद्धत आजही दप्तर तपासणीत विचारली जाते. प्रत्येक कर्मचाऱ्याचं दप्तर सहा भागांत लावायचं: हातातली प्रकरणं, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी, ठरावीक काळाने पाठवायची विवरणपत्रं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची.

पहिले दोन गठ्ठे वेगळे केले, एवढ्यातच मोठं शहाणपण आहे. माझ्यामुळे काय अडलंय आणि दुसऱ्यामुळे काय अडलंय, हे एका नजरेत दिसतं. उरलेल्या चारांमुळे जिवंत फाइल मेलेल्या फाइलींखाली गाडली जात नाही. पुढे २०१७ च्या सुमारास चंद्रकांत दळवी पुण्याचे विभागीय आयुक्त असताना त्यांनी ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम याच पायावर उभी केली. आलेलं काम त्याच दिवशी निकाली काढायचं, हा तिचा गाभा. वर सांगितलेलं लिटलचं सूत्र तेच सांगतं.

संगणकाकडून आपल्या फार अपेक्षा असतात. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, कित्येक फाइली जळाल्या, आणि कागद संगणकावर घेण्याची निकड सगळ्यांना पटली. ई-ऑफिसमध्ये, म्हणजे फाइली संगणकावरच फिरवण्याच्या पद्धतीत, फाइल हरवत नाही, ती कुणाकडे किती दिवस आहे ते दिसतं, ठाण्याहून मुंबईला शिपाई पाठवावा लागत नाही. हे फायदे मोठे आहेत. पण पाच टेबलांच्या जागी पाच लॉगिन आणले तर वाट पाहणं तेवढंच राहतं. ई-फेरफारचं, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या ऑनलाइन नोंदीचं उदाहरण घ्या. खरेदीखताची नोंदणी झाली की फेरफाराची माहिती ऑनलाइन पुढे जाते, तरी हितसंबंधितांना नोटीस देऊन १५ दिवस थांबावंच लागतं. हे थांबणं योग्य आहे. जमिनीत हक्क असलेल्या बहिणीला हरकत घ्यायला वेळ मिळायला नको का? म्हणजे पडून राहण्यातही दोन जाती आहेत. एक कुणाचा तरी हक्क राखण्यासाठी मुद्दाम ठेवलेली, दुसरी कुणाच्याच उपयोगाची नसलेली. घाई करायची ती दुसरीची.

जून महिन्याचा प्रश्न

दाखल्यांची मागणी वर्षभर सारखी नसते. दहावी-बारावीच्या निकालानंतर ती एकदम उसळते आणि वर सांगितलेलं ९५-९९ टक्क्यांचं गणित नेमकं तेव्हा लागू होतं. हे दरवर्षी होणार, हे सगळ्यांना माहीत असतं. उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवता येत नाही, कारण तो आर्थिक वर्षाशी बांधलेला असतो, एप्रिल उजाडल्यावरच नवा लागतो. पण वय-अधिवासाचं तसं नाही. तो एकदा काढला की दरवर्षी नव्याने काढावा लागत नाही. जातीच्या दाखल्याचंही तेच. महसूल विभागाच्या महाराजस्व अभियानात शाळांमधून दाखले देण्याची शिबिरं याआधी झालेली आहेत. ती दरवर्षी नोव्हेंबर ते जानेवारीत, नववी आणि अकरावीच्या वर्गांसाठी, शाळेच्या हजेरीपटावरून घेतली, तर निकालानंतर रांगेत फक्त उत्पन्नाचे आणि नॉन-क्रिमीलेअरचे अर्ज उरतील. ठाणे, नवी मुंबई आणि मिरा-भाईंदरच्या शाळांची यादी महापालिकांच्या शिक्षण विभागांकडे तयार आहे. शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव यातला ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही तेव्हाच, पालक समोर असताना, दुरुस्त करून घेता येईल.